दहबहून पत्र

दहब, दक्षिण सिनाई, इजिप्त
प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

दहबचा समुद्र तू म्हणाला होतास तसाच आहे. अकाबाच्या आखाताचं निळंशार पाणी आणि किनाऱ्यालगतच प्रवाळ. पण इथे येणारे बरेच जण पाठीमागच्या डोंगरांत पाऊलही टाकत नाहीत, याची मला फार हळहळ वाटते. तू तसं करू नकोस, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

नुवेबा या किनाऱ्यावरच्या गावाच्या बाजूला एक घळ आहे, तिला सगळे कलर्ड कॅनियनच म्हणतात. वालुकाश्मात पाण्याने कोरलेली. काही जागी इतकी चिंचोळी, की अंग चोरून आडवं सरकावं लागतं. दोन्ही भिंतींवर तांबडे, पिवळे, जांभळे पट्टे. लोह आणि मँगनीजमुळे आलेले. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेली आपली नजर तिथे भिरभिरत राहते. पाऊस क्वचितच, पण लांब कुठे पडला तरी अशा घळीत लोंढा येतो. म्हणून इथल्या वाळवंटी बदू जमातीचा वाटाड्या सोबत हवाच.

पण मनात घर केलं ते नवामीसने. ऐन हुद्रा या खजुरांच्या झऱ्यापासून जवळच, उघड्या माळावर ही दगडी गोल थडगी उभी आहेत. जवळपास ६,००० वर्षांपूर्वीची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहून कितीतरी जुनी! चुना नाही, माती नाही. चपटे दगड एकावर एक रचत, आत झुकवत नेऊन छत मिटवलंय. दारं बुटकी आणि सगळी पश्चिमेकडे, मावळतीला. मी वाकून आत गेलो. बाहेर ऊन रणरणत होतं, आत गारवा होता. अशा थडग्यांत समुद्री शिंपल्यांची कांकणं आणि मणी सापडलेत. म्हणजे त्या माणसांना हा किनारा आणि हे डोंगर दोन्ही आपलेच होते. आपण मात्र एकच बघून परततो!

दुपारी वाटाड्याने काटक्यांच्या जाळावर लोखंडी पत्रा उपडा घातला आणि त्यावर फराशीह नावाची रोटी भाजली. पातळ, मोठी, थेट खापरावरच्या मांड्यासारखी. सोबत गोड काळा चहा.

सेंट कॅथरीनचा मठ इथून गाडीने साधारण दोन तासांवर. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधलेला, आजही नांदता. सकाळचे थोडे तासच आत सोडतात. शेजारचा जेबेल मुसा हा डोंगर २,२८५ मीटर. लोक रात्रीच चढायला लागतात, सूर्योदय माथ्यावरून बघायला. हिवाळ्यात थंडी हाडं गोठवते, तेव्हा कानटोपी आण. पासपोर्टही जवळ ठेव, वाटेत चौक्या लागतात.

पुढच्या हिवाळ्यात येशील ना? डायव्हिंगचे दिवस तू ठरव, डोंगरांचे मी ठरवतो. आणि नवामीसला मी तुझ्याबरोबर पुन्हा येणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

काकूंना नमस्कार सांग. उत्तर लवकर पाठव.

तुझा,
अभय