फॉल-पिकोवाल्या मावशींना, हात पदरात गुंडाळून बसल्याबद्दल

मावशी, नमस्कार.

पत्र लिहायची सवय नाहीये हो. शेवटचं पत्र बहुतेक दहावीच्या मराठीच्या पेपरात लिहिलं असेल, तेही नसलेल्या मामाला. तुम्हाला तोंडावरच सांगायचं म्हणून दोनदा दुकानापर्यंत येऊन गेलो, पण दोन्ही वेळा तुमच्याकडे साड्या घेऊन बायकांची ही रांग, लग्नसराई सुरू झालेली, त्यात मी मध्येच घुसून "आभार मानायचे होते" म्हणणार तर त्या बायकांनी मलाच पिको केला असता. म्हणून टाइप करतोय. मोबाइलवरचं सून वाचून दाखवते म्हणाला होतात, तिला म्हणावं हेही वाच, थोडं लांब आहे.

आईचं तुम्हाला त्या दिवशी अर्धवटच सांगितलं होतं. फेब्रुवारीत तिला झटका आला, उजवी बाजू गेली आणि सोबत बोलणंही. म्हणजे कळतं सगळं, पण शब्द बाहेर यायला वेळ लागतो, दिवसाला दहा-बारा शब्द, ते पण तिला वाटलं तर. घरात आम्ही दोघंच. फिजिओ यायचे त्यांनी शिकवलं की कपडे घालताना अशक्त हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना चांगला हात आधी काढायचा. ते जमलं मला. पण गाऊन डोक्यावरून घालायचा म्हटलं की तिचा खांदा दुखायचा, ती डोळे मिटून घ्यायची, ओरडायची नाही, नुसते डोळे मिटायची, आणि ते बघणं मला जास्त जड जायचं. उपाय एकदम सोपा होता. गाऊन पुढून वरपासून खालपर्यंत कापायचा, कडा दुमडायच्या, वेल्क्रो लावायचा. बास. एवढंच काम. चार गाऊन.

एवढ्या कामाला या पुण्यात, मावशी, मला टेलर मिळाला नाही. एकाने सांगितलं लग्नसराई संपल्यावर या. दुसरा म्हणाला त्यापेक्षा नवीन शिवून घ्या ना. तिसऱ्याने घेतले, तीन आठवडे ठेवले, आणि दिले तेव्हा वेल्क्रोची ती काटेरी बाजू आत, अंगाकडे. आईच्या गळ्याखाली लाल रेघ उठली. परत घेऊन गेलो तर मलाच म्हणतो "तुम्ही सांगायला पाहिजे होतं". हो बाबा, मीच सांगायला पाहिजे होतं की माणसाला कातडी असते.

मग रात्री दीड वाजता चिडून ते मिनी मशीन मागवलं. चौदाशे रुपयांना. आलं तेव्हा वाटलं चुकून भातुकलीतलं पाठवलं की काय, पांढरं-जांभळं, हातात मावेल एवढं, त्याला एक छोटा दिवा, एक अ‍ॅडाप्टर आणि पायात एक बटण. सोबतच्या माहितीपत्रकावरचं इंग्रजी वाचायला भिंग लागतं आणि भिंगाने वाचलं तरी अर्थ लागत नाही. आईची उषाची पायमशीन होती आमच्याकडे, काळी, सोनेरी नक्षीची, तिला मला कधी हात लावू दिला नाही, "मोडशील", "बोट शिवशील", आणि जागा होत नाही म्हणून दोन हजार नऊ साली ती मीच भंगारात दिली. आता तिच्याच गाऊनसाठी मी हे खेळणं घेऊन बसलोय. आई पलंगावरून बघत होती. काय वाटत असेल तिला देव जाणे.

पहिल्या आठवड्यात दोन सुया मोडल्या. कापडाच्या वर टीप दिसायची बरी, आणि उलटं करून बघितलं की खाली दोऱ्याचा गुंता, चिमणीचं घरटंच. बरं, घरटं खाली होतं म्हणून मी खालच्याच दोऱ्याच्या मागे लागलो. बॉबिन काढ, बॉबिन घाल, बॉबिन पूस. आठ दिवस.

कस्टमर केअरला फोन केला. पलीकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही मॅडमना फोन देता का?" मॅडम नाहीयेत म्हटलं. तर म्हणे मॅडम आल्या की करा. मग शिवणक्लासला गेलो, बाहेर पाटी "फक्त महिलांसाठी", तरी विचारलं, तर बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी जिना उतरूनच घाम पुसला. आता त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही, बायकांना मोकळेपणा हवा असतो, पण "अमुक ठिकाणी विचारा" एवढं तरी सांगायचं. मशीन रिपेअरवाल्याकडे गेलो तर त्याने पिशवीतून बाहेरसुद्धा काढू दिलं नाही, "हे खेळणं आहे साहेब, आम्ही हातात घेत नाही." आणि जे मदत करायला आले ते तर आणखी वेगळे. चुलतबहीण आली, "अरे दे इकडे" म्हणाली, पाच मिनिटांत चालू करून दाखवलं, एक सरळ टीप मारली, चहा प्यायली, गेली. ती गेल्यावर मी पॅडल दाबलं, परत घरटं. शेजारच्या काकूंनी तेच केलं. सगळ्यांचं एकच, दे इकडे. आणि सगळ्यांचा पहिला प्रश्नही एकच, केवढ्याला घेतलंस.

म्हणून त्या रविवारी दुपारी भाजीच्या पिशवीत मशीन घालून तुमच्याकडे आलो तेव्हा खरं तर मी ते तुम्हाला देऊन टाकायला आलो होतो. हे आज पहिल्यांदा सांगतोय. म्हणणार होतो की ठेवा, तुमच्या नातीला होईल.

तुम्ही डबा खात होतात. शटर अर्धं खाली होतं. मशीन बघून हसला नाहीत, किंमत विचारली नाहीत, विचारलंत काय तर "कुणासाठी शिवायचंय?"

मी सांगितलं. तुम्ही डबा बंद केलात, हात धुऊन आलात, स्टूल ओढलंत ते माझ्यासाठी. मी सवयीने मशीन तुमच्याकडे सरकवलं. तुम्ही ते परत माझ्याकडे सरकवलंत. आणि मग तुम्ही ते केलंत ज्याच्यासाठी हे सगळं पत्र आहे. दोन्ही हात पदरात गुंडाळलेत आणि मांडीवर ठेवून बसलात. म्हणालात, "मी हात लावला तर ती माझ्या हाताने चालंल. घरी मी येणारे का?"

मग नुसतं तोंडाने सांगत होतात. फार तर हनुवटीने दाखवायचात. मला सुईत दोरा ओवता येत नव्हता, चष्मा वर, चष्मा खाली, दोरा ओला कर, परत चुकलं, आणि माझ्या लक्षात आलं की पदराच्या आत तुमची बोटं हलतायत. तुम्ही आतल्या आत ओवत होतात मावशी! मी चुकलो की पदर हलायचा. एकदा तर कोपरापर्यंत हात बाहेर आला आणि तुम्ही तो परत आत नेलात, एखाद्या खोडकर पोराला घरात घ्यावं तसा. चाळीस वर्षं जे हात दिवसभर हेच करतायत त्यांना समोर कुणी बावळटासारखं चाचपडत असताना गप्प बसवणं म्हणजे काय असतं, ते मला आत्ता आत्ता कळायला लागलंय, कारण परवा आई डाव्या हाताने चमचा धरत होती आणि माझा हात आपोआप पुढे गेला. मागे घेतला. लगेच नाही, पण घेतला.

तेव्हाच तुम्ही सुईच्या भोकाला नेढं म्हणालात. "नेढं टोकाला असतं मशीनच्या सुईचं, मागे नाही." मी आयुष्यभर नेढं म्हणजे राजगडावरचं, सुवेळा माचीवरचं, खडकातलं आरपार भोक, असंच समजत आलो, पाच-सहा वेळा त्याच्यात बसून वारा खाल्लाय, पण ते नाव सुईवरून आलंय हे पन्नाशीला आल्यावर तुमच्या दुकानात कळलं. घरी येऊन वाचलं मग, तर १८४६ साली अमेरिकेत एलियस हो नावाच्या माणसाने ज्या मशीनचं पेटंट घेतलं त्यातही हीच गंमत, टोकाला नेढं असलेली सुई दोरा कापडाच्या पलीकडे नेते आणि तिथे धोटा दुसरा दोरा त्यात अडकवतो. तुमच्या मोठ्या मशीनमध्येही तेच आणि माझ्या खेळण्यातही तेच. त्या रिपेअरवाल्याला हे सांगायला जावंसं वाटलं होतं, गेलो नाही.

आणि ती लाल रीळ. वर लाल दोरा लावायला सांगितलात, खाली बॉबिनला पांढरा. म्हटलं हे काय, रंग जुळत नाही. तुम्ही म्हणालात "जुळवायचा नाहीच, भांडण कोण करतंय ते बघायचंय". टीप मारली, उलटं केलं, खाली सगळा लाल गुंता. म्हणजे घरटं खाली, पण करणारा वरचा! वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, दोन चकत्यांमध्ये बसलाच नव्हता, नुसता बाहेरून गेला होता, सैल. आठ दिवस मी बिचाऱ्या बॉबिनला धरून बसलो होतो. चकत्यांमध्ये दोरा ओढून बसवला, बारीक टिक झालं, आणि पुढची टीप... मावशी, तुम्ही "हां" म्हणालात. नुसतं "हां". मला नोकरीत दोन प्रमोशनं झालीत, त्यांचं एवढं काही वाटलं नव्हतं.

बाकी जे सांगितलंत ते सगळं पाठ आहे. कापड ओढायचं नाही, खालचे दाते नेतात, आपण फक्त वाट दाखवायची (माझ्या सुया ओढण्यामुळेच मोडत होत्या). शेवटी चाक आपल्याकडे फिरवून सुई वर घ्यायची आणि मगच कापड काढायचं. पॅडल म्हणजे दारावरची बेल आहे, हळू दाबलं म्हणून हळू चालत नाही, तेव्हा आधी स्पीडचं बटण कमीवर. चिकटवायचा वेल्क्रो आणायचा नाही, त्याचा गोंद सुईला लागतो, साधा आणायचा. तो रविवार पेठेत मिळाला, मीटरवर. आणि ते वाक्य, "हिच्याकडे जीन्स मागू नका, दोन पदर सुती द्या, तेवढं ती मन लावून करंल." हे तुम्ही मशीनबद्दल बोललात, पण मी आमच्या ऑफिसात दोघातिघांना सांगितलंय, साहेबांसकट.

पैसे घेतले नाहीत. दोन सुयांचे वीस रुपये मात्र चोख घेतलेत, चौदा नंबरच्या. मला ते फार बरं वाटलं. उपकार केल्यासारखं सगळंच फुकट दिलं असतं तर मी परत शंका विचारायला आलोच नसतो. हल्ली मदत करणारे पुष्कळ आहेत हो, मी नाही म्हणत नाही, आईच्या आजारात दारात डबे आले, रात्री दोनला गाडी काढणारे निघाले. पण मदत करताना आपली हुशारी दोन घटका बाजूला काढून ठेवणारं माणूस मी तरी फार बघितलेलं नाही. माझ्यात तर ती गोष्ट नव्हतीच. आईचं जेवण मी भरवून मोकळा व्हायचो, लवकर होतं म्हणून. ती डाव्या हाताने खाते तेव्हा पाऊण तास लागतो आणि निम्मी आमटी गाऊनवर. लागू दे आता.

तर गाऊनचं. पहिला गाऊन त्याच रात्री घेतला. कडा दुमडली, टाचण्या लावल्या, टीप मारली, वेल्क्रो लावला, मऊ बाजू आत. साडेअकरा वाजले. टीप म्हणजे घाटातला रस्ता होता, पण धरून होती, खाली घरटं नाही. आईला दाखवला. तिने डाव्या हाताने कड धरली, दिव्याकडे केली, बराच वेळ बघितली. मला वाटलं डोळ्यांत पाणी येणार. तोंड उघडलं, शब्द शोधला, सापडायला वेळ लागला, आणि म्हणाली,

"उसव."

मावशी, त्या दिवशीचा तिचा तेवढा एकच शब्द होता. मी हसत बसलो की रडत ते मलाच कळेना. उसवला. सगळा. दुसऱ्या दिवशी परत शिवला. परत दाखवला. तिने बोटाने एक जागा दाखवली, खांद्याजवळची. तेवढी उसवली. असं करत करत चार गाऊन व्हायला तीन आठवडे लागले, त्या तिसऱ्या टेलरला लागले तेवढेच म्हणा, आणि या तीन आठवड्यांत आई फिजिओंपेक्षा माझ्याशी जास्त बोलली. "वाकडं." "दोरा काप." "सावकाश." एकदा "गाढवा".

चौथा गाऊन काल झाला. तिने नेहमीसारखी कड हातात घेतली, अंगठ्याने टीप वरपासून खालपर्यंत चाचपली, आणि काही न बोलता उजवा हात माझ्याकडे सरकवला, डाव्या हाताने उचलून, बाहीत घालायला.

तुमचा,
मिनी मशीनवाला

ता. क. तुमची लाल रीळ माझ्याकडेच राहिलीये. आईला लाल टीपच आवडायला लागलीये, पांढऱ्या दोऱ्याने केलेली दाखवली की मान हलवते, त्यामुळे रीळ बरीचशी संपली. नवीन आणून देतो. रविवारी दुपारी येतो, डबा खाऊन झाल्यावर.