तो ‘शोभेचा मंडप’ नव्हे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ब्रिस्टलच्या अर्नोस व्हेल दफनभूमीतल्या चंद्रोत्सवाचा सचित्र वृत्तांत वाचला. ‘थडग्यांत चांदणे’ हा मथळा ज्यांना सुचला त्यांचे अभिनंदन. कागदी कंदील आले, मुलांचे चंद्राचे मुखवटे आले, गाणी आली, गरम चॉकलेटच्या रांगेलाही चार ओळी मिळाल्या. आणि फोटोखाली काय, तर ‘मागे भारतीय धाटणीचा शोभेचा मंडप’!

अहो, ती राजा राममोहन रॉय यांची समाधी आहे. दगडी छत्री, द्वारकानाथ टागोरांनी उभारलेली. रॉय २७ सप्टेंबर १८३३ रोजी ब्रिस्टलजवळ स्टेपलटनला वारले, तिथेच एका घराच्या आवारात त्यांना पुरले आणि १८४३ मध्ये अर्नोस व्हेलला हलवले. मुलीकडे गेलो होतो तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाने भर पावसात आम्हाला छत्रीपाशी उभे करून हे सगळे सांगितले. सतीबंदीचे १८२९ हे सालही त्याला तोंडपाठ होते. आमची ही त्याला म्हणाली, तुम्ही आमच्याकडे शिकवायला या. तेव्हा ती थट्टा वाटली होती.

मी गिरगावकर. आमच्याकडे ‘प्रार्थना समाज’ नावाचा नाका आहे. १८६७ साली मुंबईत निघालेल्या या समाजामागे राममोहन यांच्याच ब्राह्मो समाजाची प्रेरणा होती. आपल्या उपसंपादकांनी एकदा तिथे उतरावे, बसभाडे मी देतो.

वृत्तांताच्या शेवटी आपले प्रतिनिधी विचारतात, ‘अशाने मृतांची शांतता भंगत नाही काय?’ प्रश्न रास्त आहे, मलाही ढोलताशे चालणार नाहीत. पण मालकाने ही जागा बांधकामासाठी मोकळी करायचे ठरवले होते, तेव्हा कोणती शांतता राहणार होती? आसपासचे लोक झगडले, २००३ मध्ये तिथल्या महापालिकेने जागा ताब्यात घेतली, आता न्यास ती सांभाळतो. तिथे लग्नेसुद्धा लागतात. देखभालीचा खर्च आकाशातून पडत नाही. चार कंदिलांनी राममोहन उठून बसणार नाहीत. फोटोओळ वाचून कदाचित बसतील.

दुरुस्ती छापाल ही अपेक्षा. पहिल्या पानावर नको, पण निदान कोड्याच्या खाली तरी नको.

जाता जाता, चंद्राचा विषय निघालाच आहे म्हणून. आपल्या पंचांगाच्या चौकटीतून चंद्रोदयाची वेळ का गायब झाली? ब्रिस्टलच्या चंद्राला अर्धे पान आणि संकष्टीच्या चंद्राला एक ओळ नाही? गेल्या चतुर्थीला आमच्या हिने शेजारच्यांच्या मोबाइलवर वेळ विचारून उपास सोडला, आणि त्या घरात आपले वर्तमानपत्र येत नाही, हे त्यांनी तेवढ्यात ऐकवलेच.

आपला,
एक जुना वर्गणीदार, गिरगाव, मुंबई