ताट माझे, चक्कर बाबांना

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न.

रविवारच्या फोननंतर मी दोनदा फोन लावायला घेतला आणि दोन्ही वेळा ठेवून दिला, कारण बोलताना माझा आवाज पुन्हा चढेल अशी भीती वाटली. लिहिलेले निदान खोडता तरी येते, म्हणून हे पत्र. आई, तू फक्त "आज काय जेवलीस?" एवढेच विचारले होतेस. घर सोडल्यापासून गेली बावीस वर्षे तू हेच विचारत आली आहेस आणि त्याचा मला कधी राग आलेला नाही. त्या दिवशी मात्र "तुला दुसरं काही विचारताच येत नाही का?" असे मी म्हणाले, तू गप्प झालीस, मागे पंख्याची टकटक तेवढी ऐकू येत राहिली आणि मग तू "बरं, ठेवते" म्हणालीस. ते "बरं, ठेवते" अजून माझ्या कानांतून गेलेले नाही. मला क्षमा कर. पुढे जे लिहिते आहे ते सबब म्हणून लिहीत नाही. ते तुम्हा दोघांना, आणि त्यातही बाबांना, नीट कळणे आता गरजेचे झाले आहे.

मी वजन कमी करण्यासाठी आहार बदलला त्याला आज चोवीस दिवस झाले. हा निर्णय मी मागे घेणार नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना मन वळवण्याचे मुद्दे मनात जुळवत बसायला नको. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी ही तपासणी) ६.१ टक्के आली आहे. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा टप्पा मानतात आणि त्या उंबरठ्यावर उभे राहून काय होते ते आपण भाऊकाकांच्या वेळी पाहिले आहे. यकृतावर चरबी आहे, जिना चढताना गुडघा बोलतो. वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी साखर आणि रक्तदाब या दोहोंत फरक पडतो, म्हणजे मला फार काही करायचे नाही. ८२ किलोंतले चार ते आठ किलो उतरवायचे आहेत, तेही सावकाश. आरशासाठी हे चाललेले नाही, आणि कोणी काही बोलले म्हणूनही नाही. आई, तुझ्या हातचे खाऊन मी जाड झाले असा अर्थ तू यातून काढणार, हे मला न विचारता ठाऊक आहे. तुझ्या हातचे खात होते तोवर मी काडीसारखी होते. वजन वाढले ते नंतर, रात्री बाराला उभ्याने काहीतरी खाऊन झोपण्यामुळे, दिवसभर खुर्चीत बसण्यामुळे आणि अपुऱ्या झोपेमुळे.

पहिला दिवस उत्साहात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी डोके दुखू लागले, ते कपाळापासून मानेपर्यंत, असे की प्रकाश नकोसा झाला. मी ते भुकेचे मानले. खरे कारण माझा मूर्खपणा होता: साखर सोडायची म्हणून मी दिवसाचा पाच कप चहाच एकदम बंद केला होता. कॅफीन अचानक थांबले की १२ ते २४ तासांत डोके धरते, पहिले दोन दिवस त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि ते सुटायला नऊ दिवसही लागू शकतात. तिसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे काळोख आला आणि भिंत धरून उभी राहावे लागले. त्याच दिवशी वजनकाट्यावर दीड किलो कमी दिसले, त्यामुळे चक्कर आली तरी मी आनंदातच होते. तो आनंदही खोटाच निघाला. शरीर यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. खाणे, विशेषतः पिष्टमय खाणे, कमी केले की आधी हा साठा वापरला जातो आणि पाणी सुटते. त्याच वेळी इन्सुलिनची पातळी खाली आल्यामुळे मूत्रपिंडे मीठही बाहेर टाकतात. म्हणून वारंवार लघवीला जावे लागते, पोटऱ्यांत गोळे येतात आणि झटकन उठले की रक्तदाब क्षणभर पडून डोके हलके होते. चरबीला तोवर फारसा हातही लागलेला नसतो.

बाकीचे थोडक्यात सांगते, कारण काही गोष्टी आईवडिलांना लिहितानाही संकोच वाटतो. पोट चार दिवस साफ झाले नाही, मग एकदम भरपूर कच्च्या भाज्या खाल्ल्या आणि पोट फुगले. तोंडाला चमत्कारिक वास येत होता, कारण चरबी जळताना तयार होणारा ॲसिटोन श्वासावाटे बाहेर पडतो. हातपाय गार पडत होते. रात्री तीनला जाग यायची.

शरीराचे हे सगळे मी सोसले असते, पण मनाचे जे झाले त्याची मला कोणी कल्पना दिली नव्हती. पाचव्या दिवशी रात्री एका डब्याचे झाकण निघेना म्हणून मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडले. बाबा, हसू नका. डबा मांडीत, हाताला झाकणाची लाल वळ उठलेली, आणि मी लहानपणी गणिताचे पुस्तक हरवल्यावर रडले होते तशी रडत होते. फरक एवढाच की तेव्हा तुम्ही न बोलता शेजारी येऊन बसला होतात आणि पुस्तक सापडेपर्यंत उठला नव्हतात. कामावर एका सहकारिणीने वाढदिवसाचा केक पुढे केला, तर तिने मुद्दाम केल्यासारखा मला तिचा राग आला. एरवी सहज सुटणारी कामे तीनतीनदा वाचावी लागत होती. ती चिडचिड पुरती गेलेली नव्हती, रविवारचा फोन त्यातलाच आहे.

यावर मी बरेच वाचले, तेव्हा १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी केलेला प्रयोग हाती लागला. छत्तीस निरोगी तरुणांनी स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहणे पत्करले होते, आणि शेवटी त्यांचे वजन जवळजवळ पाव हिश्शाने घटले. युद्धानंतर उपासमारीतून वाचलेल्यांना पुन्हा कसे खाऊ घालावे हे समजून घेण्यासाठी तो प्रयोग होता. ती शांत, सोशिक मुले चिडखोर झाली, उदास झाली, त्यांना सतत थंडी वाजू लागली, दिवसभर डोक्यात अन्नच घोळू लागले. काहींनी तर पाककृतींची पुस्तके जमवायला घेतली. आई, तू लगेच त्यांचा आकडा शोधशील आणि घाबरशील, म्हणून मीच सांगते: त्यांना दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी मिळत होत्या, पण ते मुळात सडपातळ होते, आधी सुमारे ३,२०० कॅलरी खात होते आणि त्यांना आठवड्याला ३५ किलोमीटर चालावे लागत होते. माझे तसे काहीही नाही. मला त्यातून एवढेच उमजले की अर्धपोटी माणसाचा स्वभाव बदलतो तो तो वाईट असतो म्हणून नव्हे; भूक वाढवणारे घ्रेलिन चढते, पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन उतरते आणि मेंदू दुष्काळ पडल्यासारखा वागू लागतो. तरीही तुझ्यावर ओरडले ती मीच होते, घ्रेलिन नव्हे.

आता माझे ठीक आहे, आणि हे तुम्हाला बरे वाटावे म्हणून लिहिलेले नाही. आहारतज्ज्ञांकडे गेले तेव्हा त्यांनी माझी वही पाहिली आणि दिवसाला हजार कॅलरी खाण्याचा शहाणपणा कोणी शिकवला असे विचारले. आता मी १,५०० कॅलरींच्या आसपास खाते, तीन वेळा, पोटभर. सकाळी आणि दुपारी एकेक कप चहा परत आला आहे. पाणी भरपूर पिते, मीठ तोडलेले नाही, भाज्यांचे प्रमाण हळूहळू वाढवले आहे. आठवड्याला अर्धा ते एक किलो याहून वेगाने वजन उतरवायचे नाही, असे त्यांनी बजावले आहे, कारण फार वेगाने उतरवले तर पित्ताशयात खडे होतात आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. पहिला आठवडा सर्वांत वाईट होता. दहाव्या दिवसापासून डोके दुखत नाही. झोप लागते, पांघरूण जाड आहे, पायमोजे घालते आणि रात्रीचे जेवण आठच्या आत बसून जेवते. उभ्याने नाही, आई.

आता बाबा, तुमच्याकडे वळते. इथवर हे सगळे लिहिले ते खरे तर तुमच्यासाठी.

आईने मला तुमच्या साखरेच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तिच्यावर रागावू नका. तिने सांगितले नसते तर मी तिच्यावर रागावले असते. माझे ऐकून तुम्ही पंधरा दिवसांपूर्वी रात्रीचे जेवण सोडले, पट्ट्याला खिळ्याने नवे भोक पाडले आणि मला सांगितले नाही. परवा पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्यावर तुम्ही किती वेळ बसून होतात ते आईला माहीत आहे. "सुरुवातीला सगळ्यांनाच होतं, पोरीलाही झालं" असे तुम्ही तिला म्हणालात. नेमके तेच चुकते आहे, बाबा. ती चक्कर मला आली तेव्हा ती शरीर नव्या आहाराला रुळत असल्याची खूण होती. तुम्हाला आली तर ती औषधाची खूण असू शकते. तुमची साखरेची एक गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा किंवा नसा. तुमची रक्तदाबाची एक गोळी लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढते, आणि कमी खाण्याने तेच आधीपासून होत असते. गोळ्या जुन्या मापाच्या आणि जेवण अर्धे, असा हा हिशेब आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या माणसाने तो कसा मांडला, हे मला कळत नाही.

वजन उतरवण्याची तुमची इच्छा मी मोडत नाही. ब्रिटनमध्ये मधुमेहींवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'डायरेक्ट' नावाच्या चाचणीत दिवसाला साधारण ८५० कॅलरींचा आहार काही महिने दिला होता आणि वर्षाअखेर जवळजवळ निम्म्यांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता. पण त्यांची साखरेची आणि रक्तदाबाची औषधे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी थांबवली होती आणि ते सर्व देखरेखीखाली होते. शिवाय त्यात पासष्टीच्या पुढचे कोणी घेतले नव्हते. तुमच्या वयात कमी खाल्ले की चरबीबरोबर स्नायूही झिजतो, आणि पायांतले बळ गेले तर पडण्याची भीती असते. म्हणून डॉक्टर मूत्रपिंडांची तपासणी पाहून होकार देतील तर दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत, म्हणजे तुमच्या बाबतीत सत्तर ते पंच्याऐंशी ग्रॅम.

मी तुम्हाला न विचारता तुमच्या डॉक्टरांशी बोलले आहे. गुरुवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे, मी बुधवारी रात्री येते आहे, आणि ही वेळ रद्द करण्यासाठी तुम्ही दवाखान्यात फोन केलात तर ते मला कळवणार आहेत. रागवा, पण चला. तोवर डॉक्टरांनी सांगितले आहे की रात्रीचे जेवण आजपासून पूर्ववत सुरू करायचे आणि कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही की अर्धी करायची नाही. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि वही सोबत घ्या. अंथरुणातून उठताना आधी एक मिनिट कडेला बसा, दिवा लावा, मग उठा. न्हाणीघराची कडी लावू नका. घाम फुटला, हात थरथरले किंवा विनाकारण राग आला तर लगेच साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, वाढली नसेल तर पुन्हा प्या आणि मग काहीतरी खा. आई, ग्लुकोजचा डबा त्यांच्या उशाशी ठेव आणि झाकण सैल करून ठेव. बाबा बोलताना अडखळले, गोंधळले, छातीत दुखते म्हणाले किंवा शुद्ध हरपली तर आधी मला फोन करू नकोस. आधी रुग्णवाहिका बोलव. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नकोस.

हुकूम सोडते आहे असे वाटेल. तापात मला कडू औषध पाजताना तुम्ही दोघांनी माझे हातपाय धरले होते, तेव्हा माझी संमती कोणी घेतली होती ते आठवून पाहा.

आई, बुधवारी येईन तेव्हा माझ्यासाठी वेगळे काही करत बसू नकोस. जे असेल ते मी जेवेन, फक्त दुसऱ्यांदा वाढण्याआधी विचार. आणि तुझा तो प्रश्न फोनवर विचारायचे थांबवू नकोस. गेल्या तीन दिवसांत तू फोन केलेला नाहीस.

बाबा, एक राहिलेच. वहीतले सगळे आकडे तुम्ही शाईच्या पेनाने लिहिता; मंगळवारी सकाळी अकराचा ६४ हा आकडा तेवढा पेन्सिलीने लिहिला आहे, तोही इतका पुसट की फोटो मोठा करून वाचावा लागला. गुरुवारच्या आत तो पेनाने गिरवून ठेवा.

तुमची,
माई