शनिवारी निघण्याआधी

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, शनिवारी आमचा मोर्चा आहे, वसतिगृहाच्या फीवाढीविरुद्ध," आणि मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, आई रागावली. रागावले नव्हते गं. धंतोलीतला आपला जुना ओटा आठवला आणि पुढे बोलताच आलं नाही.

नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन आलं की यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवले जातात, हे तू लहानपणापासून पाहिलंयस. तुझी आजी तेवढे दिवस ओट्यावर पाण्याचा माठ भरून ठेवायची. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारींचा मोर्चा होता. आम्हाला अनुसूचित जमातीत धरा, एवढं मागायला गुरं राखणारी ती माणसं बायकापोरांसकट आली होती. संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली. ११४ जीव गेले, त्यात बायका आणि मुलंच जास्त. त्या रात्री एक बाई आमच्या ओट्यावर येऊन बसली. गावची माणसं कुठे गेली, तिला ठाऊक नव्हतं. चुकामूक झाली तर कुठे जमायचं, तेही माहीत नव्हतं. आजीनं पोळीभाजी पुढे ठेवली, पण तिनं हात लावला नाही. आजोबा तिला गणेशपेठच्या स्टँडवर नेऊन गाडीत बसवून आले. मी तेव्हा तुझ्याच वयाची होते. आज तिथे स्मारक आहे, उड्डाणपुलालाही गोवारींचं नाव आहे. मागणी मात्र २०२० साली सर्वोच्च न्यायालयात फेटाळली गेली.

तेव्हापासून कुठल्याही चळवळीबद्दल वाचलं की भाषणं कोणी केली यापेक्षा पाणी कोणी भरलं, तेच मी आधी शोधते. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी घातलेला बसबहिष्कार घे. गोऱ्या माणसासाठी जागा सोडली नाही म्हणून रोझा पार्क्सना अटक झाली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन नावाच्या प्राध्यापिकेनं कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रकं छापून काढली. कामावर जाणाऱ्यांसाठी लोकांनी आपापल्या मोटारी दिल्या, कुठे थांबायचं ते ठरवून दिलं. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकिणीनं बायका जमवून जेवण आणि केक विकले आणि ते पैसे चळवळीला दिले. तिच्याबद्दल वाचताना मला आपली आजीच दिसत होती. हे असं ३८१ दिवस चाललं. आणि गंमत बघ, १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत लाखो लोक धम्म स्वीकारत होते, तेव्हा तिकडे माँटगोमेरीत बस सोडून चालण्याला दहा महिने झाले होते. इकडेही कितीतरी माणसं पायीच आली होती.

आपल्या शहरात तर १९२३ सालीच झेंडा सत्याग्रह झाला होता. स्वराज्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये शिरायला इंग्रज सरकारची बंदी होती. मग रोज सत्याग्रहींची एक तुकडी निघायची आणि पकडली जायची, दुसऱ्या दिवशी नवी तुकडी तयार. बाहेरच्या प्रांतांतून माणसं येत राहिली. दीड हजारांहून जास्त लोक तुरुंगात गेले. ऑगस्टमध्ये मिरवणूक झेंड्यासह त्याच रस्त्यानं गेली. रोज उद्याची तुकडी तयार ठेवायची, याला केवढी शिस्त लागली असेल!

अर्जेंटिनातल्या आयांचं मात्र वाचवत नाही. लष्करी राजवटीनं मुलं पळवली. ३० एप्रिल १९७७ ला चौदा आया ब्युनोस आयर्सच्या चौकात जमल्या. पोलिस म्हणाले, घोळक्यानं उभं राहायचं नाही, चालत राहा. मग त्या दोघीदोघी हातात हात घालून चौकाला फेऱ्या घालू लागल्या. पुढे दर गुरुवारी, डोक्याला पांढरा रुमाल बांधून. पहिल्यांदा हाक देणारी आसुसेना व्हिजाफ्लोर, त्याच डिसेंबरात तिलाही उचललं. बाकीच्या पुढच्या गुरुवारी आल्याच.

तेव्हा तू जा. माझी ना नाही, बाबांशी मी बोलते. फक्त निघण्याआधी तुम्ही सगळी पोट्टी बसून एवढं ठरवा: चुकामूक झाली तर कुठल्या झाडाखाली, कुठल्या दुकानापाशी जमायचं. माझा नंबर कागदावर लिहून खिशात ठेव, मोबाइलच्या भरवशावर राहू नकोस. गर्दी दाटली तर कडेला ये, खाली काही पडलं तर उचलायला वाकू नकोस. आणि पाण्याचं कोण बघतंय ते विचार. कोणीच बघत नसेल तर ते काम तू घे.

तुझी,
आई