आमच्या आवारात रानफुले रुजवणाऱ्या बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

साताऱ्यातील आमच्या सोसायटीच्या कुंपणालगतची मुरमाड पट्टी गेली कित्येक वर्षे गाजरगवत आणि राडारोड्याच्या ताब्यात होती. यंदाच्या पावसाळ्यात तिथे तेरडा, कुर्डू, सोनकी आणि नभाळी फुलली. हे सारे आपल्या मार्गदर्शनामुळे घडले, हे सर्वांसमक्ष सांगावे म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत.

रानफुलांची बाग म्हटल्यावर आमच्या मनात कासच आले होते आणि ते साहजिकही होते, कारण २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेले हे पठार आमच्यापासून जवळच आहे. आपण पहिल्याच भेटीत समजावून सांगितले की, सीतेची आसवे किंवा गेंद ही जांभ्या खडकावरच्या बोटभर मातीत, पावसाच्या साचलेल्या पाण्यात जगणारी झाडे आहेत. सीतेची आसवे तर मातीतून न मिळणारे पोषण सूक्ष्म जीव पकडून मिळवते. अशी झाडे आपल्या आवारात जगणार नाहीत, आणि त्यासाठी पठारावरचे रोप किंवा बी उचलणे हे पठाराचेच नुकसान आहे. आमच्या जमिनीला शोभणारी फुले शेताच्या बांधावर आणि डोंगराच्या पायथ्याशीच होती. रोज त्यांच्यावरून जाणाऱ्या आम्हाला ती आपण नावानिशी ओळखायला शिकवलीत.

बाजारात रानफुलांचे मिश्रण म्हणून मिळणारी बियाण्यांची पाकिटे आणण्याचे आमच्यातील काहींनी सुचवले, तेव्हा त्यांत बहुधा कॉसमॉस असतो, तो मूळचा मेक्सिकोकडचा आहे आणि पुण्याच्या टेकड्यांवर तो कसा पसरला आहे, हे आपण सविस्तर सांगितलेत. त्याऐवजी परिचितांच्या शेतावर, मालकांना विचारून, आपण स्वतः आमच्या मुलांना घेऊन बी गोळा करायला गेलात. तेरड्याची पिकलेली लवदार शेंग बोट लागताच फुटते, तिच्या पाकळ्या आतल्या बाजूला वळतात आणि काळपट बी दूर उडते; म्हणून आधी शेंगेभोवती मूठ मिटायची आणि मगच ती दाबायची, हे मुले आपल्याकडून शिकली. तळहातात शेंग फुटल्याची ती गुदगुली अनुभवण्यासाठी त्यांच्यात चढाओढ लागली होती. सोनकीच्या बियांना पांढरी लव असते, त्या वाऱ्यावर निघून जाण्याआधी खुडाव्या लागतात, हेही त्यांना आता पाठ आहे.

शेणखत घालू नका, हा आपला सल्ला आमच्या माळीकाकांना अजिबात पटला नव्हता. खत मिळाले की आधी गवत माजते आणि नाजूक रोपे त्याखाली दबतात, हे त्यांनी शेजारच्या खत घातलेल्या वाफ्यात पाहिले आणि ते आता इतरांना हाच सल्ला देतात. बारीक बी कोरड्या वाळूत मिसळून मृगाच्या तोंडावर नुसते फेकायचे, वर माती ओढायची नाही, ही रीतही आपलीच.

तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण म्हणतो खरे, पण एक फूल गळाले तरी दुसरे उमलत राहिल्याने आमची पट्टी श्रावणापासून गौरी-गणपती होऊन गेले तरी रंगलेली होती. यंदा गौरी आणायला तेरडा विकत घ्यावा लागला नाही, याचे घराघरांतील आजींना फार अप्रूप वाटले. कोपऱ्यातल्या रुईवर पांढऱ्या, काळ्या आणि पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसल्या तेव्हा औषध फवारण्याची मागणी झाली. आपण ती थांबवलीत, आणि काही दिवसांनी तिथेच लटकलेल्या हिरव्या कोषांतून केशरी फुलपाखरे बाहेर पडताना सर्वांनी पाहिली.

मात्र आमच्या मते आपली सर्वांत मोठी मदत फुले संपल्यानंतरची आहे. कार्तिकात पट्टी वाळून तपकिरी झाली, ती ताबडतोब कापावी अशी तक्रार आली, सापांची भीतीही पुढे आली. सभेला येण्याचे आपणांस काही बंधन नव्हते. तरीही आपण आलात, भीती बाळगणाऱ्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतलेत आणि पायवाटेलगतचा कडेचा भाग लगेच कापावा, उरलेली पट्टी बी गळून पडेपर्यंत ठेवावी आणि मग कापून वाळके गवत उचलून न्यावे, असा मार्ग काढलात. तो सर्वांनी एकमताने मान्य केला. ती पट्टी तेव्हाच साफ झाली असती, तर पुढच्या पावसाळ्यासाठी जमिनीत बीच उरले नसते.

जमवलेले सोनकीचे आणि कुर्डूचे बी कागदी पाकिटांत, नाव आणि महिना लिहून ठेवले आहे. मृगापूर्वी एखाद्या रविवारी आपण यावे आणि ते आपल्याच हस्ते पेरले जावे, अशी आमची मनापासून विनंती आहे. पट्टीच्या वरच्या टोकाला अजून थोडी मोकळी जागा आहे. तिथे काय लावावे, हेही आपणच ठरवावे.

आपले कृतज्ञ,
सोसायटीतील सर्व रहिवासी