बॉस्टनच्या नोकरीबद्दल आई-बाबांना

पुणे,
९ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि बाबा यांना
साष्टांग नमस्कार. वि. वि.

दिवाळीत आपले बोलणे अर्धवट राहिले. घरात पाहुणे होते, प्रत्येकाला काही ना काही सल्ला द्यायचा होता, आणि तुम्ही दोघे मात्र गप्प होतात. फोनवर हा विषय काढला की आई, तू रडतेस आणि बाबा, तुम्ही फोन तिच्याकडे देऊन बाहेर निघून जाता. म्हणून सगळे सविस्तर लिहून पाठवते आहे. सावकाश वाचा, हवे तर दोनदा वाचा, आणि मग मला विचारा.

नोकरी इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यातल्या बॉस्टन या गावी आहे. अमेरिकेतले बॉस्टन ते वेगळे, त्याला नाव या गावावरून पडले. तिथल्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे एनएचएसमध्ये, वृद्धांच्या विभागात मला क्लिनिकल फेलो म्हणून दोन वर्षांचा करार मिळाला आहे. एमआरसीपीचे, म्हणजे ब्रिटनमधल्या पदव्युत्तर वैद्यकीय परीक्षेचे, तिन्ही टप्पे पूर्ण झालेले असल्यामुळे मला प्लॅबची, म्हणजे परदेशी डॉक्टरांना तिथे नोंदणीसाठी द्यावी लागणारी, परीक्षा द्यावी लागली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण प्लॅब उत्तीर्ण होऊनही नोकरीसाठी ताटकळत बसलेली मुले माझ्या माहितीत आहेत. तिथली स्पर्धा आता फार वाढली आहे. मोठ्या शहराचा हट्ट धरला असता तर मीही त्याच रांगेत असते.

बाबा, तुमचा खरा आक्षेप एजन्सीला आहे, हे मला ठाऊक आहे. वर्तमानपत्रात कबुतरबाजीच्या, म्हणजे माणसे बेकायदा परदेशी पाठवण्याच्या, बातम्या तुम्ही मोठ्याने वाचून दाखवता, आणि त्या खोट्या नसतात. पुण्यातल्या एका एजन्सीचा अनुभव मीही घेतला आहे. त्यांनी नोंदणीसाठी साडेतीन लाख रुपये मागितले आणि पदवीची मूळ प्रमाणपत्रे ‘प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत’ त्यांच्याकडे ठेवायला सांगितली. मी तिथून उठून आले. आपल्याकडच्या १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला सरकारकडे नोंदणी करावी लागते, आणि उमेदवाराकडून त्याने जास्तीत जास्त तीस हजार रुपये व त्यावरचा जीएसटी एवढेच घ्यायचे असतात. ब्रिटनमध्ये तर नोकरी शोधून दिल्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेण्यालाच १९७३ च्या कायद्याने मनाई आहे. तिथे एजन्सीचे पैसे रुग्णालय देते.

आता ज्या एजन्सीमार्फत मी जाते आहे, तिने माझ्याकडून एक रुपयाही घेतलेला नाही. पण तेवढ्यावर मी विसंबले नाही. परदेशातून डॉक्टर-नर्स नेताना नैतिक नियम पाळणाऱ्या एजन्सींची एक यादी एनएचएसकडून प्रसिद्ध होते, तीत तिचे नाव पाहिले. व्हिडिओवर माझी मुलाखत घेणाऱ्या दोन्ही डॉक्टरांची नावे तिथल्या मेडिकल कौन्सिलच्या, म्हणजे जीएमसीच्या, नोंदवहीत शोधली. ती कोणालाही पाहता येते. परदेशी कर्मचारी नेमण्याचा परवाना असलेल्या संस्थांच्या तिथल्या गृहखात्याच्या यादीत रुग्णालय आहे. शेवटी रुग्णालयाच्या संकेतस्थळावरचा क्रमांक फिरवून मी थेट तिथल्या आस्थापना विभागाशी बोलले, आणि माझ्या नावाचे नेमणूकपत्र त्यांच्याच कार्यालयातून निघाले आहे याची खात्री करून घेतली. करार माझा आणि रुग्णालयाचा आहे, एजन्सीची त्यावर सही नाही. त्यात एक अट मात्र नीट वाचण्यासारखी आहे: विमानाचे तिकीट आणि पहिल्या महिन्याच्या राहण्याचा खर्च रुग्णालय देणार, आणि मी वर्षाच्या आत नोकरी सोडली तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात तो परत करायचा. मला ती अट रास्त वाटते. तुम्ही वाचून तुमचे मत सांगा.

बाकीची कागदपत्रे एकेक करून होत आली आहेत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे गुड स्टँडिंगचे, म्हणजे डॉक्टर म्हणून माझ्याविरुद्ध कारवाई नाही असे, प्रमाणपत्र आले. पदवीची पडताळणी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून होऊन गेली. पोलिसांचा दाखला मिळाला. व्हिसासाठी क्षयरोगाची तपासणी लागते, ती तेवढी राहिली आहे. इतकी वर्षे क्षयाच्या रुग्णांना तपासल्यावर स्वतःच्या छातीचा एक्स-रे काढून घ्यायला थोडे विचित्र वाटेल, पण नियम योग्य आहे.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. ‘इथे काय कमी आहे?’ असे तू विचारलेस. आई, मला पुन्हा आजीबद्दल लिहावे लागेल. न्हाणीघरात पडून तिच्या खुब्याचे हाड मोडले, तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. शस्त्रक्रिया उत्तम झाली, हाड नीट बसले. पण तिसऱ्या रात्रीपासून ती बरळायला लागली, तुला ओळखेना, सलाइनची नळी ओढून काढू लागली, आणि मग तिला झोपेचे औषध देऊन हात पलंगाला बांधून ठेवले. ती उठली नाही म्हणून पाठीला जखम झाली, आणि पुढचे तुला माहीत आहे. कोणीही हयगय केली नव्हती. वय झाले, असे सगळे म्हणाले आणि आपणही ते मान्य केले. पुढे शिकताना कळले की त्या रात्रीच्या बरळण्याला डिलिरियम म्हणतात, त्यामागे तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, वेदना, शरीरातले कमी झालेले मीठ किंवा एखादे नको असलेले औषध असू शकते, आणि कारण शोधले तर माणूस बरेचदा शुद्धीवर येतो. तिचा चष्मा आणि कानाचे यंत्र घरी कपाटात राहिले होते, ते तिला घातले असते तरी तिला थोडा आधार मिळाला असता.

इंग्लंडमध्ये या विषयाचे वेगळे शास्त्रच उभे राहिले. मार्जरी वॉरेन या डॉक्टर बाईंनी १९३० च्या दशकात लंडनमध्ये, कायमचे अंथरुणाला खिळलेले म्हणून बाजूला टाकलेल्या म्हाताऱ्या रुग्णांना एकेक करून तपासले, आणि त्यांतल्या अनेकांना उठवून चालते केले. आज तिथे खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाला अस्थिरोगतज्ज्ञाबरोबरच वृद्धोपचाराच्या डॉक्टरने बहात्तर तासांच्या आत पाहावे, असा दंडक आहे, आणि तो पाळला जातो की नाही याची देशभर नोंद ठेवली जाते. मला ते काम त्या लोकांच्या हाताखाली रोज करायचे आहे. आपल्याकडे हा विषय आता कुठे मूळ धरतो आहे, आणि शिकवणारी माणसे फार थोडी आहेत. दुसऱ्यांच्या आई-वडिलांची म्हातारपणी काळजी घ्यायला शिकण्यासाठी मी स्वतःच्या आई-वडिलांना सोडून चालले आहे, हे मला दिसत नाही असे समजू नका. मला ते रोज दिसते.

बाबा, सरकारच्या पैशावर शिकलीस, असे तुम्ही एकदाच म्हणालात, पण ते माझ्या मनातून गेलेले नाही. एमडीनंतरचे सरकारी सेवेचे बंधपत्र मी पन्नास लाख भरून सोडवले नाही. उपजिल्हा रुग्णालयात वर्षभर राहून पुरे केले. त्याने ऋण फिटले, असा माझा दावा नाही. डॉक्टर-नर्सची टंचाई असलेल्या देशांतून भरती करू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१० चा संकेत आहे, आणि २०२३ साली त्यांनी काढलेल्या अशा पंचावन्न देशांच्या यादीत भारत नाही. पण देशाच्या सरासरीत मिरज आणि गडचिरोली एकाच आकड्यात बसतात, त्यामुळे त्या यादीने मला फारसा दिलासा मिळत नाही. मला पटते ते एवढेच की शिकलेले ज्ञान फिरते. आपले मिरज डॉक्टरांचे गाव झाले तेसुद्धा कॅनडात जन्मलेल्या वॉनलेस साहेबांनी १८९४ साली तिथे रुग्णालय काढले म्हणून.

पैशाचेही सांगते, म्हणजे नातेवाइकांना उत्तर देता येईल. पौंडाला रुपयाने गुणून लोक जो आकडा सांगतात, तो निम्मा खोटा असतो. कर, विमा आणि पेन्शनची वर्गणी वजा जाता माझ्या हातात महिन्याला साडेतीन हजार पौंडांच्या आसपास पडतील. घरभाडे, नगरपालिकेचा कर, हिवाळ्यातले गॅस-विजेचे बिल आणि खाणे यांत त्यातला निम्मा भाग सहज जाईल. उरलेल्यातून तुम्हाला दर महिन्याला पैसे पाठवीन. ते बँकेत साठवून न ठेवता वापरायचे आहेत, ही माझी अट आहे.

आता सर्वांत अवघड गोष्ट. ‘लेक स्थिरावली की तुम्हालाही कायमची घेऊन जाईल,’ असे काका सर्वांसमोर म्हणाले आणि तुमचे चेहरे थोडे उजळले, ते मी पाहिले. ते खरे नाही. माझ्या व्हिसावर नवरा किंवा मुले येऊ शकतात, आई-वडील येऊ शकत नाहीत. पुढे मला तिथे कायमचा परवाना मिळाला तरी २०१२ पासूनचे नियम असे आहेत की आई-वडिलांना रोजच्या साध्या गोष्टीही स्वतः करता येत नसतील, आणि लागणारी शुश्रूषा त्यांच्या देशात मिळतच नसेल किंवा परवडण्यासारखी नसेल, तरच परवानगीचा विचार होतो. कायमच्या परवान्याची आजची पाच वर्षांची अट दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्तावही तिथल्या सरकारने या वर्षी मांडला आहे. तुम्ही पाहुणे म्हणून येऊ शकता, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे तुमचे म्हातारपण मिरजेतच जाणार आहे, आणि तुमच्याजवळ राहायचे तर मलाच परत यावे लागेल. मी परत येईन असे मला आज वाटते; शपथ घालू नका, कारण पाच वर्षांनंतरचे आज सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दोन वर्षांनी करार संपताना मात्र मिरजेला येऊन, समोर बसून, तुमच्याशी बोलल्याशिवाय पुढचा निर्णय घेणार नाही.

अचानक काही झाले तर मला बॉस्टनहून लंडन, तिथून मुंबई आणि मग महालक्ष्मी एक्स्प्रेस किंवा गाडी, असे करून पोहोचायला दीड दिवस लागेल. कदाचित उशीर होईल. ही शक्यता मी डॉक्टर म्हणून रोज पाहते, म्हणून ती लपवत नाही. त्यासाठीच धाकट्या मामाशी बोलून ठेवले आहे. रुग्णालयात सही करायची वेळ आली तर तो तासाभरात येईल. बाबांचे रेल्वेच्या वैद्यकीय सेवेचे उमीद कार्ड, दोघांच्या औषधांची यादी आणि जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये लावून एक प्रत त्याच्याकडे दिली आहे. शिवाय, स्वतःला बोलता येईनासे झाले तर कुठपर्यंत उपचार हवेत, हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला, आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी पुरेसे आहेत. अभद्र बोलते असे मानू नका. आजीला काय हवे होते हे आपल्यापैकी कोणी तिला विचारले नव्हते, आणि मला तुम्हाला विचारायचे आहे.

आई, तुझा गुडघा. ‘तू जाऊन ये, मग बघू,’ हे मला मान्य नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रियेची वेळ घेतली आहे आणि मी तेव्हापासून मिरजेतच राहणार आहे. मला मार्चच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचे आहे, त्यामुळे तुझा व्यायाम सुटणार नाही एवढा वेळ माझ्या हातात आहे. न्हाणीघरात आणि संडासात धरायला दांडे बसवायचे सांगितले आहे, सुतार येत्या गुरुवारी येईल. त्याला परत पाठवू नकोस.

गुडघा बरा झाला की पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघांनी यायचे आहे. बाबा, लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून ग्रँथमपर्यंत मोठी गाडी आणि तिथे बदलून बॉस्टनची छोटी गाडी, असा रस्ता आहे. ग्रँथमच्या अलीकडेच तो स्टोकचा उतार लागतो, जिथे ३ जुलै १९३८ रोजी मॅलार्ड इंजिन ताशी १२६ मैलांच्या वेगाने धावले, आणि वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. तुम्ही फायरमन म्हणून सुरुवात केलीत, त्यामुळे त्या उतारावर कोळसा टाकणाऱ्याचे काय झाले असेल, हे माझ्यापेक्षा तुम्हालाच कळेल.

करारपत्राची प्रत आणि त्यातल्या मुख्य अटींचे मी केलेले मराठी भाषांतर सोबत जोडले आहे. बाबा, शंका असेल तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा. मी शनिवारी सकाळच्या गाडीने येते आहे, तेव्हा तिघे बसून पाहू. सही करून पाठवायची मुदत २४ तारखेपर्यंत आहे, आणि अजून मी सही केलेली नाही.

तुमची,
लेक