तुझे बूट पाठवतोय

प्रिय बाळा,

मराठीत लिहितोय, त्यामुळे तुला वाचायला वेळ लागेल. लागू दे. आजीनं तुला बाराखडी शिकवली ती वाया जाऊ नये. दुसरं म्हणजे, फोनवर तू "हं" आणि "बघू" याच्या पुढे जात नाहीस, आणि तू समोर असलास की मलाही नीट बोलता येत नाही. कागदावर तरी येतंय का बघतो.

तुझ्या कॉलेजच्या गावातल्या फुटबॉल क्लबनं तुला सरावाला बोलावलं आणि तू नाही म्हणालास, हे आईकडून कळलं. "नवव्या पायरीवर कोण खेळणार?" असं म्हणालास म्हणे. इंग्लंडमधल्या लीग एकाखाली एक पायऱ्यांसारख्या असतात, सगळ्यात वर प्रीमियर लीग, यातलं आईला काही कळत नाही. मला कळतं, म्हणून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

पण आधी माझी चूक. फुटबॉल अकादमीनं तुला सोडलं त्या संध्याकाळी तू गाडीत मागच्या सीटवर बसलास. एरवी तू पुढे बसतोस, रेडिओशी खेळतोस. मी आरशात पाहिलं तर तू मांडीवर बुटांची पिशवी घेऊन बाहेर बघत होतास. आणि मी म्हणालो, "बरं झालं, आता अभ्यासाकडे लक्ष देता येईल." आठ वर्षं आठवड्यातून तीनदा पावसापाण्यात केलेला सराव मी एका वाक्यात मोडीत काढला. तुला बरं वाटावं म्हणून बोललो होतो, पण त्यांनी "अजून ताकद कमी पडते" म्हणून जो निकाल दिला, त्यावर मी बापाचा शिक्का मारला. माझं चुकलं. हे मी तुला त्याच रात्री सांगायला हवं होतं.

आता तुला रिकी लॅम्बर्ट या फुटबॉलपटूची गोष्ट सांगतो. तू पाच वर्षांचा होईपर्यंत आपल्या घरात हे नाव रोज निघायचं, पण तुला ते आठवत असणं शक्य नाही.

आपण साउथहॅम्प्टनला आलो ते आईच्या नर्सच्या नोकरीमुळे. माझ्याकडे कोल्हापूरची डिग्री होती आणि काम मिळालं ते गोदामात खोकी चिकटवायचं. २००९ च्या हिवाळ्यात, तू अजून रांगतही नव्हतास, गोदामातल्या एकानं त्याचं जादा तिकीट मला दिलं. साउथहॅम्प्टन क्लबचं सेंट मेरीज स्टेडियम इचेन नदीच्या जवळ आहे, तिथला वारा हाडात शिरतो. क्लबची अवस्था वाईट होती. आदल्या मोसमात खाली घसरून तो तिसऱ्या पायरीवर, लीग वनमध्ये आला होता, दिवाळं निघता निघता वाचला होता, आणि त्यापायी नवा मोसम सुरू होण्याआधीच खात्यातून दहा गुण वजा केलेले होते. अशा क्लबनं सुमारे दहा लाख पौंड मोजून ब्रिस्टल रोव्हर्सकडून एक सत्तावीस वर्षांचा स्ट्रायकर आणला होता. उंच, रुंद खांद्यांचा, आणि पळताना जड वाटणारा. मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलेला माणूस. फॉरवर्ड म्हणजे वारा, हीच माझी समजूत. मनात म्हटलं, हा काय पळणार?

तो पळालाच नाही. लांबून उंच आलेला चेंडू त्यानं छातीवर घेतला, पाठीवर बचावपटू लटकलेला, आणि चेंडू असा खाली ठेवला की टेबलावर चहाचा कप ठेवावा. मग एका स्पर्शात बाजूला देऊन हा निवांत चालत गोलकडे निघाला. पाच-सहा सेकंदांनी चेंडू परत त्याच्याकडे आला तेव्हा तो बरोबर जागेवर उभा होता. त्या दिवशी मी घरी येऊन आईला सांगितलं, "याला वेगाची गरजच पडत नाही, हा आधीच पोचलेला असतो."

मग मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. लॅम्बर्ट कर्कबीचा. लिव्हरपूल शहराला लागून असलेलं हे गाव, आणि फुटबॉलपटू पिकवण्यात त्याचं नाव आपल्या कोल्हापूरच्या पेठांसारखं. दहाव्या वर्षी तो लिव्हरपूलच्या अकादमीत गेला, ज्या क्लबवर त्याचा जीव होता त्याच क्लबात. पंधराव्या वर्षी त्यांनी त्याला सोडलं. वेग कमी. तुझ्यापेक्षा वर्षानं लहान होता तेव्हा.

पुढे ब्लॅकपूलनं घेतलं, तिथे तो मोठ्या संघातून काही सामने खेळला आणि २००० साली तिथूनही सुटला. अठरा वर्षांचा पोरगा, क्लब नाही, पगार नाही. मॅक्लेसफील्ड नावाच्या चौथ्या पायरीवरच्या छोट्या क्लबनं त्याला सराव करायला येऊ दिलं, पण फुकट. पोटापाण्यासाठी तो बीटच्या कारखान्यात लागला. बीट भरलेल्या काचेच्या बरण्यांना झाकणं लावायचं काम, दिवसाला वीस पौंड. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी बोटं खोक्यांच्या चिकटपट्टीनं फाटलेली होती. त्यामुळे असेल, पण त्याचे पुढचे सगळे गोल मला त्या बरण्यांसकट दिसायचे.

मॅक्लेसफील्डनं अखेर त्याला करार दिला. वर्षभरात त्यानं इतकं केलं की २००२ मध्ये स्टॉकपोर्टनं त्याच्यासाठी तीन लाख पौंड मोजले. इथे गोष्ट वर चढायला हवी ना? चढली नाही. स्टॉकपोर्टमध्ये गोल आटले, आणि २००५ मध्ये तो पुन्हा चौथ्या पायरीवर, रॉचडेलला. हा क्लब १९७४ पासून त्या तळाच्या पायरीवरून हललेला नव्हता, आणि पुढेही २०१० पर्यंत हलला नाही.

रॉचडेलवर मी जरा थांबणार आहे, कारण मला या माणसाच्या कारकिर्दीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान तेच वाटतं. त्याच्या जोडीला तिथे दुसरा स्ट्रायकर होता ग्रँट होल्ट. तोही खालून आलेला, टायरच्या कारखान्यात काम केलेला, मध्ये सिंगापूरला जाऊन खेळून आलेला. देशातल्या व्यावसायिक फुटबॉलच्या तळाशी, काही हजार प्रेक्षकांसमोर ही जोडी खेळत होती. त्या वेळी तुझ्यासारख्या कुणी म्हटलं असतं की रॉचडेलला कोण खेळणार? होल्टनं २०११-१२ मध्ये नॉरिचकडून प्रीमियर लीगमध्ये पंधरा गोल केले. लॅम्बर्टनं पुढच्याच मोसमात साउथहॅम्प्टनकडून पंधरा. रॉचडेलला शनिवारी दुपारी उभा असलेला माणूस हे दोघं बघत होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. २००५-०६ मध्ये लॅम्बर्टनं तिथे लीगचे बावीस गोल केले.

मग ब्रिस्टल रोव्हर्स, दोन लाख पौंडांत. पहिल्या मोसमात गोल बेताचेच, पण क्लब वेम्बलीला प्ले-ऑफ, म्हणजे बढतीसाठीचा शेवटचा सामना, जिंकून वरच्या पायरीवर गेला. तिसऱ्या मोसमात लीगमध्ये एकोणतीस गोल. फेब्रुवारी २००८ मध्ये याच रोव्हर्सनं एफए कपमध्ये साउथहॅम्प्टनला १-० नं हरवलं होतं, आणि तो गोल कुणाच्या फ्री किकचा होता हे तू ओळखलं असशील. म्हणजे आमच्या क्लबनं त्याला विकत घेण्याआधी त्याच्याकडून मार खाल्ला होता!

साउथहॅम्प्टनला आल्यावर मॅनेजर अ‍ॅलन पार्ड्यूनं त्याला वजनावरून सुनावलं. सत्तावीस वर्षांचा, आदल्याच मोसमात लीगचे एकोणतीस गोल केलेला खेळाडू, त्याला कुणी शरीर कमवायला सांगितलं तर राग येऊ शकतो. त्यानं ऐकलं. पहिल्याच मोसमात सगळ्या स्पर्धा मिळून छत्तीस गोल. वेम्बलीवर कार्लाइलला ४-१ हरवून लीग ट्रॉफी, म्हणजे खालच्या पायऱ्यांवरच्या क्लबांचा कप, आली, त्यात एक गोल त्याचा पेनल्टीवर. बढतीच्या प्ले-ऑफमधली जागा हुकली ती त्या दहा गुणांमुळे. पुढच्या वर्षी बढती. त्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्या पायरीवर, चॅम्पियनशिपमध्ये, सत्तावीस गोल, सगळ्यांत जास्त, आणि पुन्हा बढती. २८ एप्रिल २०१२ ला कॉव्हेंट्रीला ४-० हरवलं तेव्हा सेंट मेरीजचं मैदान माणसांनी भरून गेलं. घरी येऊन मी तुला उचलून नाचवलं, तू घाबरून रडायला लागलास.

त्याच्या पेनल्टीबद्दल सांगितलंच पाहिजे. साउथहॅम्प्टनकडून त्यानं चौतीस पेनल्टी मारल्या आणि चौतीसच्या चौतीस आत गेल्या. मी त्यातल्या बऱ्याच बघितल्या. चेंडू ठेवायचा, मागे यायचा, कंबरेवर हात, एक श्वास. गोलकीपर उड्या मारून हात हलवतोय त्याच्याकडे लक्ष नाही. मग चार पावलं आणि जोरात. शेजारचे म्हातारे आजोबा प्रत्येक पेनल्टीला डोळे मिटून घ्यायचे आणि आवाजावरून ओळखायचे. मला कायम वाटायचं, ही स्थिरता अकादमीत शिकवून येत नसावी. चौथ्या पायरीवर गोल चुकला तर पुढच्या उन्हाळ्यात करार नाही. घरभाडं आहे, लेकरं आहेत. त्या पायावर इतकी वर्षं उभं राहिलेल्या माणसाला बत्तीस हजार लोकांचं काय?

१४ ऑगस्ट २०१३, वेम्बली, इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड. एकतीस वर्षांचा लॅम्बर्ट इंग्लंडकडून पहिल्यांदा मैदानात उतरला, बरोबरी असताना, वेन रूनीच्या जागी. संघात निवड झाल्याचं कळलं त्याच दिवशी त्याचं तिसरं अपत्य जन्मलं होतं. लेटन बेन्सनं कॉर्नर मारला, लॅम्बर्टनं डोकं लावलं, गोल. पहिलाच स्पर्श. इंग्लंड ३-२ नं जिंकलं. तू माझ्या खांद्यावर झोपला होतास, त्यामुळे मला ओरडता आलं नाही. मी नुसता खोलीभर फिरत राहिलो.

आणि आता तो भाग, ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र. २०१४ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलनं त्याला परत घेतलं. ज्यांनी पंधराव्या वर्षी घरी पाठवलं त्यांनीच बत्तिसाव्या वर्षी चाळीस लाख पौंड देऊन बोलावलं. वर्तमानपत्रांनी ही कथा डोक्यावर घेतली. त्याच्या घरच्यांना काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. पण तिथे तो बहुतेक वेळ बाकावर बसला. वर्षभरात सगळे मिळून तीन गोल. मग वेस्ट ब्रॉम, मग कार्डिफ, आणि २०१७ मध्ये निवृत्ती.

तुझ्या मनात काय चाललंय ते मला माहीत आहे, कारण तू अजून त्या अकादमीचे निकाल फोनवर बघतोस. तुला वाटतं, एक दिवस ते परत बोलावतील, तोवर खालच्या मैदानावर पाय ठेवला तर किंमत कमी होईल. लॅम्बर्टला परत बोलावलं गेलं, पण त्या वर्षात त्याचा फुटबॉल नव्हता. त्याचा फुटबॉल रॉचडेलला होता, ब्रिस्टलला होता, सेंट मेरीजच्या थंडीत होता, जिथे लोकांना तो हवा होता. सतरा वर्षं त्यानं लिव्हरपूलच्या फोनची वाट बघितली असती तर तो फोन आलाच नसता.

मी तुला खोटं सांगणार नाही. प्रत्येक लॅम्बर्टमागे शेकडो स्ट्रायकर असतात जे दर मे महिन्यात क्लबनं ठेवलेल्यांच्या यादीत आपलं नाव आहे का बघतात, एक-एक वर्षाच्या करारावर गाव बदलतात, आणि तिशीनंतर दुसरं काम शोधतात. तुझंही तसंच होईल, किंवा तेवढंही नाही. त्यामुळे कॉलेज सोडायचं नाही, ते बोलणं मी मागे घेतलेलं नाही. पण तुला खेळताना मी बघितलंय. चेंडू येण्याआधी तू मान वळवून मागे बघतोस. ते तुला कुणी शिकवलेलं नाही. ज्यांनी तुझी ताकद मोजली त्यांच्या कागदावर ते मोजायला रकाना नव्हता.

कोल्हापुरात एका तालमीच्या फुटबॉल संघानं घेतलं नाही तर पोरगं शेजारच्या तालमीकडे जातं आणि पुढच्या मोसमात त्याच शाहू स्टेडियमवर पहिल्या तालमीसमोर उभं राहतं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

तुझे बूट गॅरेजमध्ये त्याच पिशवीत होते. शेवटच्या सामन्याची माती स्टडमध्ये दगडासारखी वाळली होती. काल रात्री आईचा जुना टूथब्रश घेऊन मी ती काढली. उजव्या बुटाचा टाचेकडचा एक स्टड झिजलाय, तो बदललाय. लेस नवीन आहेत, पांढऱ्या मिळाल्या नाहीत, काळ्या घातल्यात. अंगठ्याजवळ दाबून बघ, लहान होत असतील तर लगेच कळव, शनिवारी तिकडे येऊन नवे घेऊ.

पार्सल सोमवारी पोचेल असं म्हणाले. त्या क्लबचा सराव मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी असतो, मी फोन करून विचारलं. तुझं नाव सांगितलेलं नाही. जायचं की नाही ते तू ठरव.

आईनं डब्यात शेंगदाण्याची चटणी घातलीय, बूट आणि चटणी वेगवेगळ्या पिशव्यांत आहेत.

तुझा,
बाबा